सुंदर पिचाईंची गोष्ट अर्धीच का सांगता?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्त्यांमध्ये गुणगौरव समारंभ सुरू होतात. विहारात सतरंज्या अंथरल्या जातात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, वंदना होते आणि मग पाहुणे मार्गदर्शनाला उभे राहतात. अशाच एका समारंभात आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. पाहुणे एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. त्यांनी मुलांना गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांची गोष्ट सांगितली. चेन्नईतलं दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपणारे दोन भाऊ, घरात टीव्ही नाही, गाडी नाही; आणि त्यातलाच एक भाऊ आज जगातल्या सर्वात ताकदवान कंपन्यांपैकी एका कंपनीचा प्रमुख. शेवटी पाहुणे म्हणाले, "त्यांना कुठे कुणी सवलत दिली होती? मेहनत करा, रडगाणं सोडा."

टाळ्या पडल्या. मग नुकतीच बारावी पास झालेली एक मुलगी उभी राहिली. तिने विचारलं, "सर, त्यांचे वडील काय करायचे?"

पाहुण्यांना उत्तर माहीत नव्हतं. "त्याने काय फरक पडतो, बेटा?" असं म्हणून त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेला.

फरक पडतो. खूप फरक पडतो. त्या मुलीला तिथे जे उत्तर मिळालं नाही, ते देण्यासाठी हा लेख आहे.

वडील काय करायचे?

सुंदर पिचाई यांचे वडील रघुनाथ पिचाई हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. जीईसी या ब्रिटिश कंपनीत नोकरीला होते आणि विजेचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आई लक्ष्मी लग्नानंतर मुलं होईपर्यंत स्टेनोग्राफर होत्या. म्हणजे घरात इंग्रजी होतं, टायपिंग होतं, शॉर्टहँड होतं. वडील संध्याकाळी घरी आले की कामातल्या अडचणी मुलाला सांगत, हे वडिलांनीच एका मुलाखतीत सांगितलेलं आहे. मुलगा जेवता जेवता इंजिनिअरिंग ऐकत होता. घरात निळी लॅम्ब्रेटा स्कूटर होती आणि चौघेही तिच्यावर बसून जात. टेलिफोनसाठी पाच वर्षं थांबावं लागलं, पण १९८०च्या दशकात टेलिफोन घरी आला.

शाळा कोणती? आधी अशोक नगरमधलं जवाहर विद्यालय आणि बारावीला वनवाणी विद्यालय. हे वनवाणी विद्यालय आयआयटी मद्रासच्या आवारात आहे. आयआयटी म्हणजे काय, हे आमच्या मुलाला बारावीनंतर कुणी तरी सांगावं लागतं. हा मुलगा रोज आयआयटीच्या फाटकातून शाळेत जात होता.

याला आम्ही श्रीमंती म्हणत नाही. पिचाई कुटुंब पैशाने श्रीमंत नव्हतं, हे खरंच आहे. पण पैसा नसणं आणि काहीच नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याच्या बापाने दिवसभर ऊस तोडला, गटार उपसलं किंवा वीटभट्टीवर विटा थापल्या, त्याच्याही घरी संध्याकाळी कामाच्या गोष्टी निघतात. पण त्या गोष्टींतून कोणत्याही प्रवेश परीक्षेचा एक मार्क वाढत नाही. दोन खोल्यांचं घर त्यांचंही होतं आणि आमचंही आहे. त्या दोन खोल्यांत काय साठवलेलं होतं, हा खरा प्रश्न आहे.

ही पुंजी आली कुठून?

पिचाई हे तमिळ ब्राह्मण कुटुंबातले, असं आपली वर्तमानपत्रं मोठ्या कौतुकाने छापत आली आहेत. जात काढायची नसते असं आम्हाला शिकवणाऱ्यांनीच ती छापली, तेव्हा आम्ही तिच्यावर बोलणारच.

जुन्या मद्रास प्रांताचा इतिहास पाहा. लोकसंख्येत ब्राह्मण साधारण ३ टक्के. १९१२च्या सुमाराची सरकारी आकडेवारी सांगते की डेप्युटी कलेक्टरांपैकी निम्म्याहून अधिक ब्राह्मण होते आणि न्यायखात्यातल्या जागांवर त्यांचं प्रमाण त्याहूनही जास्त होतं. अग्रहारातून निघून मद्रासच्या कचेऱ्यांत, तिथून इंजिनिअरिंगमध्ये, तिथून दिल्ली-मुंबईत आणि पुढे अमेरिकेत, असा हा तीन-चार पिढ्यांचा प्रवास आहे. त्याच काळात त्याच गावांच्या चेरीत राहणाऱ्या परैयर आणि पल्लर जातींच्या माणसांना अग्रहाराच्या रस्त्यावरून चालण्याचीही मुभा नव्हती. एकाची पुंजी साठत होती, ती दुसऱ्याला दार बंद ठेवूनच.

म्हणून तर १९१६ साली ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा निघाला, जस्टिस पक्ष उभा राहिला आणि जातवार जागा वाटून देणारे सरकारी आदेश निघाले. स्वातंत्र्य मिळालं आणि लगेच काय झालं? चंपकम दोराईराजन खटला. एका ब्राह्मण महिलेने मेडिकल कॉलेजच्या आणि एका ब्राह्मण तरुणाने इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशासाठी या जातवार वाटपाला आव्हान दिलं. त्या महिलेने तर प्रवेशासाठी अर्जसुद्धा केलेला नव्हता! १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केलं. तेव्हा कायदामंत्री असलेल्या बाबासाहेबांनी संसदेत पहिल्या घटनादुरुस्तीची बाजू लावून धरली आणि कलम १५(४) आलं. मेरिटचा जो ओरडा आज मोबाईलवर येतो, त्याची पहिली आवृत्ती सत्तर वर्षांपूर्वी मद्रासमध्येच निघाली होती, हे आपल्या लोकांनी पाठ करून ठेवावं.

त्यांना कुणी सवलत दिली नव्हती?

आता पाहुण्यांच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ.

पिचाई आयआयटी खडगपूरला धातुशास्त्र शिकले आणि १९९३ साली बी.टेक. झाले. म्हणजे प्रवेश १९८९चा. त्या वर्षी तमिळनाडूच्या राज्य कॉलेजांतलं आरक्षण ६८ टक्क्यांपर्यंत गेलेलं होतं. पेरियारांच्या चळवळीची ती कमाई. पण आयआयटी केंद्राच्या. तिथे अनुसूचित जाती-जमातींसाठी १९७३ पासून साडेबावीस टक्के जागा, त्याही धड भरल्या जात नसत. ओबीसींसाठी? शून्य. देशातल्या निम्म्या लोकसंख्येला आयआयटीत २७ टक्के जागा मिळायला २००८ साल उजाडावं लागलं. मानववंशशास्त्रज्ञ अजंता सुब्रमण्यन यांनी आयआयटी मद्रासचा अभ्यास करून 'द कास्ट ऑफ मेरिट' हे पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध केलं. राज्यातल्या आरक्षणापासून दूर असलेली आयआयटी ही उच्च जातींसाठी हक्काची जागा कशी झाली आणि तिथे जातीलाच गुणवत्तेचं नाव कसं मिळालं, हे त्यांनी तपशिलाने दाखवलं आहे.

म्हणजे १९८९ साली आयआयटीच्या शंभरातल्या साडेसत्याहत्तर जागांवर नाव कुणाचंच लिहिलेलं नव्हतं, पण त्या जागांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता कुणाच्या अंगणातून जात होता, हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय आयआयटी म्हणजे काही कुणाच्या बापाची संस्था नव्हे. ती सरकारी तिजोरीतून चालते. त्या तिजोरीत काडेपेटीवर आणि साबणावर कर भरणाऱ्या आमच्या आज्यांचाही पैसा आहे. विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा बहुतांश खर्च सरकारने केला, पदवी घेऊन तो अमेरिकेला गेला आणि तरीही 'सवलत घेतली नाही' ही त्याची ख्याती. मग सवलत कशाला म्हणायचं?

पुढचा प्रवासही पाहू, कारण आम्हाला तो लपवायचा नाही. स्टॅनफर्डला एम.एस., मग अप्लाइड मटेरियल्समध्ये नोकरी, व्हार्टनला एमबीए, मॅकिन्झीत सल्लागार आणि २००४ साली गुगल. तिथे टूलबारवर काम केलं. गुगलने स्वतःचा ब्राउझर काढावा, हा आग्रह वरिष्ठांचा विरोध असतानाही लावून धरला. २००८ साली क्रोम आलं आणि बाजार जिंकला. २०१३ साली अँड्रॉइड हाती आलं, २०१५ साली ते गुगलचे सीईओ झाले आणि २०१९च्या डिसेंबरात अल्फाबेट या मूळ कंपनीचेही. माणूस हुशार आहे, मेहनती आहे. आमचा वाद त्यांच्या बुद्धीशी नाही. या देशात तशी बुद्धी असलेली किती मुलं झाडू हातात घेऊन संपली, याचा हिशेब आम्ही मागतो आहोत.

दोन तिकिटं

पिचाईंच्या गोष्टीतला सर्वात हळवा प्रसंग विमानाच्या तिकिटाचा आहे. स्टॅनफर्डला जाण्यासाठी वडिलांनी कर्ज काढायचा प्रयत्न केला. कर्ज वेळेत मिळालं नाही, तेव्हा त्यांनी घरच्या बचतीतून हजार डॉलर काढले. वर्षभराच्या पगाराएवढी ती रक्कम होती. बापाचं काळीज आम्ही समजतो. पण बचत होती, म्हणून ती काढता आली.

आणखी एक भारतीय तरुण शिकायला अमेरिकेला गेला होता. साल १९१३. त्याचे वडील सुभेदार रामजी त्याच वर्षी वारले होते. घरात बचत नव्हती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, म्हणून तो कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. आजच्या भाषेत तो 'सवलत घेणारा'. तो परत आला तेव्हा कोलंबिया आणि लंडनचं शिक्षण त्याच्या गाठीशी होतं. बडोदा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाला, तर शिपाई त्याच्या टेबलावर लांबून फायली फेकू लागले. राहायला घर मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहिला, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं.

पिचाईंना तिकीट मिळालं की पुढचा रस्ता मोकळा होता. बाबासाहेबांना तिकीट मिळालं, पदव्या मिळाल्या, हुद्दा मिळाला, तरी जात दारात उभीच होती. मेरिट जर सगळ्यांना सारखंच फळ देत असेल, तर बडोद्यात काय झालं याचं उत्तर मेरिटवाल्यांनी द्यावं.

कुणी म्हणेल, ती शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. मग दर्शन सोळंकीचं काय? आयआयटी मुंबईच्या पहिल्याच सत्रात, अठरा वर्षांच्या या दलित विद्यार्थ्याने १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पवईच्या आवारात जीव दिला. संस्थेच्या समितीने जातिभेदाचा पुरावा नाही असं सांगितलं. जातीवरून त्याला हिणवलं जात होतं, असं त्याचं कुटुंब सांगत राहिलं. पिचाई ज्या फाटकातून बाहेर पडून जग जिंकायला गेले, तसल्याच एका फाटकातून दर्शन बाहेर आलाच नाही.

जात विमानात बसते

१९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी आपल्या ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचं एक निरीक्षण नोंदवलं होतं. हिंदू जगात इतरत्र जाऊन वसले तर जात हा जगाचा प्रश्न होईल, असा त्याचा आशय. शंभर वर्षांनी ते खरं ठरलं आणि ठरलं ते नेमकं कॅलिफोर्नियात.

२०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप असा की, एका दलित इंजिनिअरला त्याच्या उच्च जातीय भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वागणूक दिली. त्याने आयआयटीत आरक्षणातून प्रवेश घेतला होता, हे सहकाऱ्यांना सांगितलं गेलं, असंही तक्रारीत आहे. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ साली दोन अधिकाऱ्यांवरचा दावा मागे घेतला गेला, पण कंपनीवरचा दावा सरकारने पुढे चालवला. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते पुढे जे घडलं ते. दाव्याची बातमी आली आणि इक्वॅलिटी लॅब्ज या दलित हक्क संघटनेकडे अडीचशेहून अधिक दलित कर्मचाऱ्यांनी आपली गाऱ्हाणी मांडली. त्यात गुगलमधले लोकही होते. पाठोपाठ तीस दलित महिला इंजिनिअरांनी नावं न देता निवेदन काढलं. अमेरिकेत, लाखो रुपयांच्या पगारावर असताना, आपलं नाव सांगायची भीती वाटते. त्या भीतीला जात म्हणतात.

एक तासाचं भाषण

आता थेट पिचाईंच्या घरात येऊ.

एप्रिल २०२२. बाबासाहेबांच्या जयंतीचा महिना. इक्वॅलिटी लॅब्जच्या थेनमोळी सौंदरराजन यांचं जातीवरचं व्याख्यान गुगल न्यूजच्या कर्मचाऱ्यांसाठी ठरलं होतं. तनुजा गुप्ता या वरिष्ठ व्यवस्थापकाने ते ठरवलं होतं. कंपनीतल्या काही लोकांनी ई-मेलचा भडिमार केला. वक्ता हिंदूद्वेष्टी आहे, तिच्या बोलण्याने आमच्या जिवाला धोका आहे, असा कांगावा झाला. व्याख्यान रद्द झालं. सौंदरराजन यांनी थेट पिचाईंना साकडं घातलं. तरी ते झालं नाही. चारशेच्या आसपास कर्मचाऱ्यांनी व्याख्यान व्हावं म्हणून सह्या केल्या. तनुजा गुप्ता यांनी अखेर राजीनामा दिला. कंपनीचं म्हणणं असं की जातिभेदाला आमच्याकडे थारा नाही, पण या व्याख्यानाने लोक जोडले जाण्याऐवजी कटुता वाढत होती.

कटुता कुणाला वाटत होती? ज्यांना जातीवर एक तास ऐकवत नाही त्यांना. आणि कंपनीने झुकतं माप कुणाला दिलं? त्यांनाच.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने एका भाषणात का पडावं? कारण दुसऱ्या प्रश्नांत ते पडले आहेत. २०१५च्या डिसेंबरात अमेरिकेत मुस्लिमांविरुद्ध विष पसरवलं जात होतं, तेव्हा स्वतः स्थलांतरित असल्याचं सांगून त्यांनी अल्पसंख्याकांच्या बाजूने लेख लिहिला. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर त्यांनी कृष्णवर्णीयांच्या उद्योगांसाठी साडेसतरा कोटी डॉलरची योजना जाहीर केली. आम्ही या दोन्हींचं स्वागत करतो. पण वंशावर बोलणारा माणूस जातीवर मुका होतो, तेव्हा ते मौन आम्हाला वाचता येतं. वंशाच्या उतरंडीत ते पीडितांच्या शेजारी उभे राहू शकतात. जातीच्या उतरंडीत उभं राहायचं तर आधी आपण कुठल्या पायरीवर आहोत, हे सांगावं लागतं.

त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. डिसेंबरात तो स्वीकारताना त्यांनी, भारत आपला भाग आहे आणि आपण जाऊ तिथे तो सोबत नेतो, अशा आशयाचं म्हटलं. आमचं एवढंच विचारणं आहे: साहेब, सोबत नेलेल्या त्या भारतात आमची वस्ती होती का? आणि असेल, तर तिच्या लेकीला तुमच्या कंपनीत एक तास बोलू का दिलं नाही?

'प्रत्येक गोष्टीत जात आणता'

हा आरोप येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. जात आम्ही आणली नाही. पिचाईंच्या यशाला 'आरक्षण न घेता' हे शेपूट जोडून जे आमच्या मुलांना फॉरवर्ड करतात, त्यांनी आणली. या वाक्याचा रोख पिचाईंकडे नसतोच. तो विहारात सतरंजीवर बसलेल्या मुलीकडे असतो. तुझी जागा ही तुझी नाही, हे तिच्या मनावर कोरायचं असतं. पिचाईंचं नाव फक्त छिन्नीसारखं वापरलं जातं.

दुसरं, जात लिहिली म्हणून कंपन्या बुडत नाहीत. ॲपलने आपल्या कर्मचारी आचारसंहितेत जातीचा स्पष्ट उल्लेख २०२०मध्येच केला. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला. कॅलिफोर्निया विधिमंडळानेही विधेयक मंजूर केलं होतं, ते राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये अडवलं. रस्ता आहे. चालायची इच्छा हवी.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. गुगलसकट प्रत्येक तंत्रज्ञान कंपनीने भेदभावविरोधी नियमांत जात हा शब्द लिहावा. गुगलने २०१४ पासून अनेक वर्षं अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांची वंश आणि लिंगानुसार आकडेवारी जाहीर केली. तशीच हैदराबाद-बेंगळुरूच्या कार्यालयांतली सामाजिक आकडेवारी जाहीर करावी. भारतातल्या खासगी क्षेत्राला आरक्षण लागू नाही, त्यामुळे आत कोण आहे आणि कोण नाही, हे कुणी विचारतच नाही. आम्ही विचारतो आहोत. आणि आपल्या समाजातल्या शिकलेल्या मंडळींनी समारंभात भाषण करण्याआधी गोष्ट पूर्ण वाचून यावी.

त्या मुलीला आम्ही समारंभ संपल्यावर भेटलो. तिचे वडील बिगारी काम करतात, आई धुणीभांडी. तिला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं आहे. तिने व्हावंच. कोड शिकावा, कंपन्यांत जावं, सीईओ व्हावं. पिचाईंचं क्रोम वापरून अभ्यास करावा. फक्त कुणी तिला 'तू सवलतीवर आलीस' म्हणालं, तर तिने मान खाली घालू नये. पिचाई निघाले तेव्हा त्यांच्या मागे तीन पिढ्यांची पुण्याई उभी होती. ती निघाली आहे ती घरातली पहिली म्हणून. दोघांचं अंतर मोजायचं असेल, तर कोण कुठून निघालं ते आधी लिहा.

पोरी, तुझा प्रश्न बरोबर होता. पुढच्या समारंभातही उठ आणि तोच विचार.

जय भीम.